पड ठेवलेला गाल

छावणीतली जनावरं उठायच्या आत बद्रीनाथ उठायचा आणि तोंड धुवायच्या आधी तोंड बघायचा. खोपीत आरसा होता, पण त्या आरशाशेजारी त्याची बायको छबुबाई असायची. म्हणून तो कडब्याच्या गंजीमागं लावलेल्या आपल्या मोटारसायकलपाशी जायचा, तिचा आरसा वर वळवायचा, बोटानं डावा गाल ओढून धरायचा आणि आत डोकवायचा. बघून झालं की आरसा होता तसा फिरवून ठेवायचा, चोरानं जाताना कडी परत लावावी तसा.

गावच्या सहकारी दूध संस्थेचा हा चेअरमन. धर्मापुरीच्या अलीकडचं गाव. पाऊस नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून दूध नाही, आणि दूध नाही म्हटल्यावर दूध संस्थेनं करायचं काय? तेव्हा संस्थेनं माळावर चारा छावणी घातली आणि आसपासच्या पाच गावांची जनावरं तिथं दावणीला आली. जनावरांमागं माणसंही आली. परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्या त्या साली पाण्यावाचून थंड पडल्या होत्या, तिथं म्हशीची काय कथा. ऊस तोडून घालायचा, टँकरची वाट बघायची, आणि टँकर आला की भांडणं सोडवायची, हे बद्रीनाथचं काम. त्यातलं तिसरं त्याला सगळ्यात चांगलं जमायचं. बांधावरून, नळीवरून, सोयरिकीवरून कुणाचं वाजलं की माणसं म्हणायची, चला तात्याकडं. असा हा पाच गावांचा तात्या स्वतःच्या तोंडात डोकवायला गंजीमागं लपत होता.

कारण त्यानं सुग्रीव बघितला होता. सुग्रीव त्याचा चुलत भाऊ. गालात फोड आली, फोडीचं काय एवढं, असं म्हणत सुग्रीवनं वर्ष काढलं. आधी तिखट सोसेना, मग भाकरी चावेना, मग दुधात कुस्करलेली भाकरीही गिळेना. शेवटी गालाला आरपार भोक पडलं आणि पाजलेलं पाणी गालातून मानेवर ओघळू लागलं. तोंडाला उपरणं बांधून तो ओट्यावर बसायचा आणि भेटायला आलेले लोक आपापल्या चपलांकडं बघत बोलायचे. बद्रीनाथही चपलांकडंच बघायचा. त्याला त्या जखमेच्या वासाची भीती वाटायची, आणि आपली भीती सुग्रीवला दिसते आहे याची त्याहून जास्त.

सुग्रीव गेला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात बद्रीनाथला आपल्या डाव्या गालात चट्टा सापडला. खालच्या दाढांच्या बाजूला, जिथं जन्मभर तंबाखूची गोळी मुक्कामाला असायची, बरोबर तिथं. भिंतीवर चुन्याचा ओघळ वाळावा तसा पांढरा. पुसून जाईना, नखानं निघेना. दुखतही नव्हता, आणि न दुखणाऱ्या गोष्टीला माणूस भ्यायला लागला की त्या भीतीला बूड राहत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. दवाखान्यात जावं तर डॉक्टर त्या रोगाचं नाव घेणार, आणि नाव घेतलं की ते खरं होणार. त्यापेक्षा विचारलंच नाही तर बरं, असं पोटातल्या पोटात ठरवून तो बरेच दिवस गप्प हिंडला.

मग त्याच्या शेतकरी डोक्यानं त्याला वाट दाखवली. रान थकलं तर शेतकरी काय करतो? पड ठेवतो. एका तुकड्याला विसावा देतो आणि दुसऱ्यात पेरतो. बद्रीनाथनं डावा गाल पड ठेवला आणि गोळी उजवीकडं धरायला सुरुवात केली.

तंबाखूच सोडावी, हा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं म्हणणं खोटं होईल. आला, पण चटका बसल्यासारखा लगेच मागं फिरला. तंबाखू ही काही त्याच्या एकट्याची चैन नव्हती. त्या गावांतली रीत अशी, की भांडण मिटलं की मिटवणारा माणूस चंची सोडतो, तळहातावर तंबाखू आणि चुना मळतो आणि दोन्ही भांडणारे त्या एकाच तळहातावरून चिमूट उचलतात. तिसरी चिमूट मिटवणाऱ्याची. ज्यानं चिमूट घेतली नाही त्याच्या मनात अजून अढी आहे असं समजायचं, आणि मिटवणाऱ्यानंच घेतली नाही तर भांडण मिटलेलंच नाही. मग तात्यानं तंबाखू सोडून कसं चालेल? अशी त्याची समजूत होती. सोयीच्या समजुतीला पुरावा लागत नाही.

आणि गंमत बघा, औषध लागू पडलं. चट्टा हळूहळू पातळ झाला, कडेनं गुलाबी झाला. बद्रीनाथला जीव परत मिळाल्यासारखं झालं. आनंद त्याच्या पोटात मावेना. भीती कुणाला सांगितली नव्हती, पण उपाय मात्र त्यानं सगळ्यांना सांगितला. पहिल्यांदा सांगितला तो शहादेवला. शहादेव त्याचा शेतशेजारी, वयानं धाकटा, तात्यानं पूर्व दाखवली तर तिकडं सूर्य शोधणारा. त्यानं त्याच दिवशी गोळी उजवीकडं नेली. पुढं छावणी लागली तेव्हा तर बद्रीनाथला श्रोतेच श्रोते मिळाले. दिवसभर रिकामी बसलेली माणसं, हातात चंची. तो विचारायचा, "एका रानात दरसाल एकच पीक घेता का रे? मंग गालाला कावून नांगरता सारखं? पालटा की जरा." माणसं हसायची आणि पालटायची. बायकांना छबुबाईनं सांगितलं. त्या मिसरी लावायच्या, त्यांनी बोट दुसऱ्या बाजूनं फिरवायला सुरुवात केली.

एवढं सगळं बरं झालेलं असताना हा माणूस रोज पहाटे आरसा का बघत होता? कारण भीती गेली नव्हती, तिनं फक्त बाजू बदलली होती. उजवा कान आतून ठणकत होता. तोंड उघडताना उजवीकडं कुणीतरी दावं ओढून धरल्यासारखं व्हायचं, भाकरीचा घास बारीक करावा लागायचा. अक्कलदाढ असेल, असं तो स्वतःला सांगायचा. या वयात अक्कल येत नाही तर दाढ कुठून येणार, हे त्यालाही कळत होतं. आरशात मात्र तो डावा गालच बघायचा. उजवीकडं बघायची त्याची छाती नव्हती.

अशात भामा आली. भामा ही त्याच्या बहिणीची मुलगी, आजीचं नाव लावलेली. दातांची डॉक्टर झाली आणि नंतर मुंबईला एका मोठ्या संस्थेत तोंडाच्या गाठींवर संशोधन करू लागली. तिचा फोन आला, "मामा, पाच गावं एका जागी बसलेली हायत. एवढी तोंडं एका ठिकाणी मला कुठं बघायला मिळणार? येऊ का?" पण चेअरमननं भाचीला नको म्हणावं कसं? ये म्हणाला.

भामा तालुक्याच्या दवाखान्यातली एक नर्स घेऊन आली. ऑफिसच्या ताडपत्रीखाली तिनं खुर्ची मांडली, कपाळाला बॅटरी बांधली आणि एकेकाला समोर बसवू लागली. बद्रीनाथला त्या दिवशी इतकी कामं निघाली की विचारू नका. कधी तो टाकीचं बूड तपासत होता, कधी उसाच्या मोळ्या उगाच इकडच्या तिकडं लावत होता. शहादेवला त्यानं तोंड दाखवून ये म्हटलं तर शहादेव हसून म्हणाला, "मला काय धाड भरलीय तात्या? तुमच्या औषधावर हाय मी," आणि टँकरबरोबर निघून गेला. बद्रीनाथनं त्याला अडवलं नाही. अडवलं असतं तर स्वतःलाही खुर्चीत बसावं लागलं असतं.

पण कान मात्र ताडपत्रीकडं होते. भामा प्रत्येकाला विचारत होती, गोळी कुठं धरता? आणि प्रत्येकजण सांगत होता, पहिल्यांदा डावीकडं धरायचो, आता उजवीकडं धरतो. पहिला म्हणाला तेव्हा तिनं नुसतं ऐकून घेतलं. मग दुसरा म्हणाला, मग विमलबाई मिसरीचं तसंच म्हणाली, मग बंकट. बंकट म्हणजे छावणीतला सगळ्यात भांडकुदळ गडी, पण उपाय त्यानंही पाळला होता. भामानं बॅटरी विझवली.

"हे तुमाला सांगितलं कुणी?" तिनं विचारलं.

सगळ्यांनी एकदम मोळ्यांकडं हात केले. मोळीआड वाकलेला बद्रीनाथ सरळ उभा राहिला. पळायला आता जागा नव्हती.

"मामा," भामा म्हणाली, "या, बसा."

तो बसला. सबंध छावणी बघत होती म्हणून जरा ऐटीतच बसला. तोंड किती उघडतं ते बघायला भामानं उभी तीन बोटं तोंडात घालायला सांगितली. दोन कशीबशी गेली. मग तिनं डावा गाल ओढला आणि म्हणाली, "इथं चट्टा व्हता ना? बराचसा निवळलाय." बद्रीनाथच्या अंगातून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की नर्स हसली. गेल्या दोन उन्हाळ्यांचं ओझं त्या एका वाक्यानं खांद्यावरून उतरलं. बघा, असं तो लोकांकडं बघून म्हणणारही होता.

भामाचं बोट मात्र तोंडातच होतं. ते उजवीकडं गेलं, शेवटच्या दाढेच्या मागं गेलं आणि तिथं थांबलं. परत तिथंच फिरलं. दाबलं. बद्रीनाथच्या कानात कळ गेली. त्यानं भाचीच्या तोंडाकडं बघितलं. पोरगी लहानपणापासून त्याच्या खांद्यावर खेळलेली, तिच्या चेहऱ्यावरचं काहीही त्याच्यापासून लपत नसे. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की तो घाबरला. मग तिनं जबड्याखाली, मानेच्या कडेनं सावकाश चाचपलं, हातमोजा उलटा करून काढला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ठीक हाय मामा. चहा पिऊ चला."

चहा कुणाला सुचत होता. टाकीच्या पलीकडं बाभळीखाली ती दोघं बसली. छबुबाईला भामानं हातानंच लांब थांबवलं, तेव्हा बद्रीनाथला कळलं की आता काय ते ऐकावं लागणार.

"मागं एक कडक जखम हाय," भामा म्हणाली. "दाढ न्हाई ती. तिचा तुकडा काढून तपासावा लागंल. उद्याच अंबाजोगाईला जाऊ."

"सुग्रीवसारखं हाय का?"

"तपासल्याबिगर मी बोलणार न्हाई."

"मंग हाय," बद्रीनाथ म्हणाला. मग तो म्हणाला, "पर असं कसं, भामे? मी तर त्या बाजूला आधी कवा गोळीच धरली नव्हती. चांगलं कोरं रान व्हतं ते."

भामा समजावू लागली. "मामा, गाल म्हणजे बारीक बारीक पेशींची वस्ती. पेशी आपल्या मनानं वाढत न्हाई. तिच्या दाराशी निरोप यावा लागतो. गालाला जखम झाली की निरोप येतो, वाढा. दारावरचा ते ऐकून आतल्याला सांगतो, आतला त्याच्या पुढच्याला. असा हातोहात निरोप मधल्या कारभाऱ्यापाशी पोचतो. मग एका पेशीच्या दोन होतेत, जखम भरते. भरली की निरोप यायचा थांबतो आन् सगळे गप बसतेत."

"टँकर आला की फाटकापासून हाळी देतेत तसं," बद्रीनाथ म्हणाला. भ्यालेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

"तसंच. आता तुमी तिथं रोज चुना-तंबाखू ठेवली. रोज बारीक जखम, रोज वाढा, वाढा. वर त्या तंबाखूतलं विष या निरोप देणाऱ्यांची घडणच बिघडवतं. एक दिवस मधलाच एकजण असा बिघडतो की फाटकावर टँकर असो नसो, तो वरडतच राहतो, आला, आला. त्याच्या पुढचे सगळे त्याचं ऐकून पळत सुटतेत. पेशी वाढतच जातेत."

"अन् त्याला गप करणारं कुणी न्हाई?"

"हाय ना. पेशीत राखणदार बी असतो. बिघाड दिसला की थांबा म्हणतो, आन् थांबत नसंल त्या पेशीला मरायला लावतो. आमी त्याला पी-त्रेपन्न म्हणतो."

"हे काय नाव झालं? एस्टीला बी याच्यापरीस बरं नाव असतं."

भामा हसली नाही. "तंबाखू त्या राखणदाराला बी सोडत न्हाई, मामा. तो पडला की वरडणाऱ्याला मोकळं रान."

"पर माझा डावा गाल निवळला की. तूच म्हणलीस."

"तिथली रोजची जखम थांबली म्हणून पांढरेपणा गेला. पर तोंडात रानं दोन नसतेत. मधी बांध कुठं हाय? इतकी वर्षं गोळी डावीकडं व्हती, तिचा रस सगळ्या तोंडात फिरत व्हता. उजवीकडच्या पेशींत निम्मा बिघाड कवाच होऊन बसला व्हता. उरलेला तुमी गोळी तिकडं नेऊन पुरा केला." "डावीकडं सुदिक बेफिकीर ऱ्हाऊ नका. सगळं रान एकच."

आगीतून उठून फुफाट्यात पडणं हे बद्रीनाथनं हजारदा दुसऱ्यांना ऐकवलं होतं. स्वतः आपल्या पायानं चालत तिथं गेला होता आणि वर पाच गावांना वाट दाखवली होती. तो विचार उशिरा आला, पण आला तेव्हा स्वतःच्या जखमेच्या भीतीपेक्षा मोठा होऊन आला.

"भामे, मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांचं?"

"त्यांचं बी रान एकच," भामा म्हणाली. "मी लाख सांगंन, बाजू पालटून उपेग न्हाई, सोडा. तर म्हणतील, तात्याचा गाल बघा, चट्टा गेला की न्हाई. माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतेत."

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला तुकडा काढला. उत्तर यायला वेळ होता. बद्रीनाथ छावणीत दाढ दुखते असं सांगून गालाला हात लावून हिंडू लागला. तंबाखू बंद झाली होती, आणि हात दिवसातून कितीदा तरी आपोआप कमरेच्या चंचीकडं जायचा. जेवणात चव नव्हती. कुणी खोकलं तरी तो दचकायचा. माळावरचा वारा तोंडात शिरला तरी त्याला वाटायचं, आत काहीतरी वाढतंय, आता या क्षणाला, मी ऊस मोजतोय तेवढ्यात कुणीतरी आत हाळी देतंय.

एकदा खोपीत त्यानं छबुबाईला म्हटलं, "आ कर."

"काय झालंय तुमाला?" ती म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिनं तोंड उघडलं. मिसरीनं काळे पडलेले दात, हिरड्या, गाल. तो बॅटरी धरून बघत राहिला. काय शोधायचं हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळं सगळंच वाईट दिसत होतं. छबुबाईनं तोंड मिटलं आणि त्याचा हात धरला.

"भामानं मला सांगितलंय," ती म्हणाली. "माझं तोंड बी तिनं बघितलंय, काय न्हाई म्हणली. मिसरीचा डबा मी चुलीत टाकला. तुमी मला कवा सांगणार, त्याची वाट बघत व्हते." मग ती रडली, आणि तोही रडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांसमोर रडायची त्यांची ती पहिलीच वेळ.

भामाचा फोन आला तेव्हा तो उसाच्या मोळ्यांवर बसला होता. "मामा, तेच हाय," ती म्हणाली. "पर गाठ अजून लहान हाय. मानेत काही लागलं न्हाई. जबड्याचा थोडा भाग काढावा लागंल. बोलणं आधीसारखं ऱ्हाईलच असं न्हाई. पर सुग्रीवमामासारखं मी हू देणार न्हाई. परवा मुंबईला या." त्यानं बरं म्हटलं. फोन खिशात ठेवला. ज्या तोंडानं पाच गावांची भांडणं मिटवली ते तोंड जाणार होतं. ते गेलं तरी चालेल, जीव राहू दे, असं एकदा वाटे. नुसता जीव राहून करायचं काय, असंही वाटे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी टँकरवर भांडण पेटलं. बंकटनं आपल्या बैलांसाठी शहादेवच्या हौदातली नळी ओढली, शहादेवनं बंकटची पाटी लाथाडली, आणि दोघांच्या दावणीची माणसं गोळा झाली. नेहमीप्रमाणे सगळे बद्रीनाथपुढं आले. त्यानं नेहमीसारखं दोघांचं ऐकलं. तोंड दुखत होतं म्हणून थोडक्यात बोलला, हौद दोघांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिला. दोघांनी माना हलवल्या. आणि मग सगळे त्याच्या कमरेकडं बघू लागले.

त्याचा हात चंचीवर गेला. सवयीनं दोरी सुटली, तंबाखू तळहातावर आली, वर चुना आला, अंगठा फिरू लागला. वास नाकात शिरला तसं तोंडाला पाणी सुटलं. एवढ्यानं काय होतंय, एक चिमूट, शेवटची, आतला कुणीतरी म्हणाला. मुंबईला दाढ काढायला निघालोय असं सांगून उद्या गुपचूप जाता येईल. परत आल्यावर बघता येईल. समोर भांडण मिटायला आलेलं आहे, लोक बघत आहेत. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेत भीतीही होती. उद्या आपणही ओट्यावर उपरणं बांधून बसू आणि हीच माणसं आपल्याशी चपलांकडं बघत बोलतील.

शहादेवनं चिमटीसाठी हात पुढं केला. दुसऱ्या हातानं त्यानं ओठ ओढून जागा केली होती, उजवीकडं.

बद्रीनाथनं मूठ मिटली.

"तात्या?" शहादेव म्हणाला. लोकांत कुजबुज झाली. तात्यानं तंबाखू मागं घेतली म्हणजे तात्याच्या मनात काय आहे?

"शहादेव, टाकीवर जा. हात धुऊन ये," बद्रीनाथ म्हणाला.

"हात? आता कावून?"

"धुऊन ये म्हणलं ना. चांगले धू. पाण्याची काळजी करू नको."

पाण्याची काळजी करू नको हे त्या छावणीत कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. शहादेव मुकाट्यानं गेला आणि ओले हात घेऊन आला. बद्रीनाथनं त्याचं मनगट धरलं, स्वतःचं तोंड उघडेल तेवढं उघडलं आणि शहादेवचं बोट आत घेतलं. उजवीकडं, शेवटच्या दाढेच्या मागं. बोट तिथं लागलं तशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मनगट त्यानं सोडलं नाही. शहादेवला बोट काढून घ्यायचं होतं. बद्रीनाथनं ते तिथंच दाबून धरलं, त्याला नीट लागेपर्यंत.

मग सोडलं. "लागलं?" त्यानं विचारलं.

"कडक हाय तात्या. खडा असल्यावाणी."

"सुग्रीवला झालतं ते हाय हे." त्याचा आवाज मागच्या माणसाला ऐकू जाईल एवढा मोठा होता. "माझा चट्टा गेला न्हाई. त्यो मी या बाजूला आणून पेरला. तुमाला बी तेच सांगितलं, ते चुकलं. गालाची रानं दोन नसतेत, सगळं एकच हाय. मी भ्यालो व्हतो म्हणून दवाखान्यात गेलो न्हाई, आन् भ्यालो व्हतो म्हणूनच तुमाला शहाणपण शिकवत ऱ्हायलो. उद्या मी कापून घ्यायला मुंबईला चाललो. बंकट, शहादेव, तुमचं भांडण मिटलेलं समजा, न्हाईतर नका समजू, पर माझ्या हातून तुमाला चिमूट मिळायची न्हाई."

त्यानं मूठ उघडली. तंबाखू पायाशी मातीत पडली. बंकट तोंड वळवून बाजूला थुंकला आणि तोंडातली गोळी त्यानं तिथंच टाकली.

शहादेव तसाच उभा होता, ओलं बोट पुढं धरून. त्याची जीभ गालाच्या आतून फिरताना बाहेरून दिसत होती. ती उजवीकडं गेली, मागं गेली आणि तिथं थांबली. मग त्यानं तेच बोट आपल्या तोंडात घातलं. डोळे बद्रीनाथवर होते, आणि त्या डोळ्यांतलं काय ते बद्रीनाथ ओळखत होता. रोज पहाटे मोटारसायकलच्या आरशात तो ते बघत आला होता.

"तात्या," शहादेव हळूच म्हणाला, "इथं बी खडा लागतोय. तसलाच हाय का, बघता का जरा?"

बद्रीनाथ टाकीवर गेला. हात धुतले, परत एकदा धुतले. पाणी बोटांवरून मातीत जात होतं आणि त्याला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. मग तो परत आला, शहादेवच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या तोंडात घातलं. दाढेच्या मागं ते थांबलं.

"घरी जा," बोट काढून तो म्हणाला. "कपडे भर, बायकोला सांग. सकाळी माझ्यासंगं निघायचं."